कमावलेले कातडे

हातांनी करावयाच्या कामांत काही कामे चूक पोटात घालणारी असतात. चाकावरचा घाट बिघडला तर कुंभार मातीचा गोळा पुन्हा मळू शकतो. कापडाची शिवण उसवता येते. चित्रकाराला रंगावर रंग चढवण्याची मुभा असते. कातडे ही मुभा देत नाही. त्यावर एकदा पाते फिरले की ती रेघ कायमची राहते आणि आरीने पाडलेले भोक पुन्हा बुजत नाही. चर्मकलेची जी काही शिस्त आहे ती बहुतांशी या एका गुणधर्मातून निर्माण झाली आहे. ज्याची चूक दुरुस्त होणार नाही त्याला हात लावण्याआधी थांबावे लागते, पाहावे लागते, आणि आपला हात तयार आहे की नाही हे प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

कोरीव कामाला बसणाऱ्या नवशिक्याला म्हणून पहिला धडा सुरीचा नसतो, पाण्याचा असतो. कातडे ओल्या बोळ्याने सर्वत्र सारखे भिजवायचे आणि मग वाट पाहायची. भिजल्याने काळवंडलेला रंग हळूहळू मूळच्या फिकटपणाकडे परतू लागतो, पण तळहाताला गारवा अजून जाणवत असतो. हीच कोरण्याची वेळ. त्याआधी हत्यार चालवले तर ठसा लिबलिबीत उठतो, उशीर केला तर तो खोल उतरत नाही. फिरत्या पात्याची सुरी उभी धरून नक्षीची रेघ कातड्याच्या निम्म्या जाडीपेक्षा कमीच खोल कापायची. नंतर त्या रेघेच्या बाहेरची बाजू ठशाने ठोकत उताराने खाली दाबायची. पाहणाऱ्याला वाटते की फुलाची पाकळी वर उचलली आहे. प्रत्यक्षात पाकळी जागच्या जागीच असते. तिच्या भोवतालचे दाबले गेल्यामुळे ती उठून दिसते. हे सारे झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यावरच नीट साधते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले कातडे मऊ आणि लवचीक असते खरे, पण ते ठसा धरून ठेवत नाही.

शिवणीचा धडाही असाच नेमका आहे. मेणवलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि आरीने पाडलेल्या प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया परस्परविरुद्ध दिशांनी पार व्हायच्या. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा मध्ये एकमेकांत अडकलेले असतात. एक टाका झिजून तुटला की शेजारचे टाके सैल पडू लागतात. हाताच्या दुसुती शिवणीत एक टाका तुटला तरी उरलेले आपापल्या जागी घट्ट राहतात, कारण प्रत्येक छिद्रातून दोरा दोनदा गेलेला असतो. अखेरीस येते ती कड. जोडलेले थर एका रेषेत तासायचे, दोन्ही कोपऱ्यांची धार काढून टाकायची, बारीक कागदाने घासायचे, किंचित पाणी किंवा डिंक लावायचा आणि लाकडी घोटणीने किंवा जाड कापडाने घोटत राहायचे. घर्षणाच्या उष्णतेने सुटे तंतू आडवे पडून एकमेकांना चिकटतात आणि कड काचेसारखी गुळगुळीत होते. घोटलेली कड सहजासहजी फुटत नाही, तिच्यातून ओल आत शिरत नाही.

पश्चिमेत हे काम विसाव्या शतकात छंद म्हणून घरोघर पोचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील रुग्णालयांतून जखमी सैनिकांना उपचाराचा भाग म्हणून ते शिकवले गेले. पुढे अल स्टोलमन यांच्यासारख्या कारागिरांनी लिहिलेल्या सचित्र पुस्तकांनी असंख्य हौशी हातांना वळण लावले. आज भारतातील मोठ्या शहरांतही नोकरीच्या दिवसभराच्या शिणवट्यानंतर एखादे पाकीट किंवा पट्टा शिवत बसणारी माणसे आढळतात. त्यांना त्यातून मिळणारे समाधान खोटे नाही. दिवसभर ज्याच्या कामाला आकार नसतो त्याला संध्याकाळी हातात धरता येईल अशी एक वस्तू पूर्ण करता येते. या अनुभवातून एक नीतिविचारही जन्माला येतो: न दिसणारा टाकाही नीट घालावा, घाई करू नये, द्रव्याचा स्वभाव ओळखावा, आणि असे काम करणारा माणूस कामाच्याच योगाने उन्नत होतो. श्रमप्रतिष्ठेचा हा विचार आकर्षक आहे. परंतु भारतात कातड्याच्या संदर्भात तो मांडताच त्याला एक अवघड प्रश्न सामोरा येतो. उत्तम काम जर माणसाला उन्नत करीत असेल, तर ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हेच काम उत्तम केले ते गावाच्या वेशीबाहेर का राहिले?

मराठी भाषेने या बाबतीत समाजापेक्षा अधिक न्यायबुद्धी दाखवली आहे. कच्च्या चामड्यावर संस्कार करून ते टिकाऊ करण्याच्या क्रियेला मराठीत कातडे ‘कमावणे’ म्हणतात. गवई आवाज कमावतो, मल्ल शरीर कमावतो, सज्जन नाव कमावतो. या साऱ्या सिद्धींच्या पंक्तीत भाषेने ढोराचे आणि चांभाराचे काम बसवले आहे. कृतज्ञतेची परिसीमा सांगतानाही मराठी माणूस आपल्या कातड्याचे जोडे करून कुणाच्या पायी घालण्याची भाषा करतो. बाराव्या शतकातील कल्याणच्या शरणपरंपरेत हरळय्याची जी कथा सांगितली जाते तिच्यात हा वाक्प्रचार अक्षरशः घडतो. परंतु त्याच भाषेत ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हणही आहे, आणि ती म्हण वहाणेबद्दल फारशी कधी वापरली जात नाही. ती माणसांना त्यांची जागा दाखवण्यासाठी वापरली जाते.

कातड्यावाचून जुन्या गावाचा एक दिवसही सरत नव्हता. विहिरीवरची मोट चामड्याची, पाणक्याची पखाल चामड्याची, बैलांच्या गळ्यातील आणि जुवाच्या वाद्या चामड्याच्या. कीर्तनातील मृदंगाच्या आणि बैठकीतील तबल्याच्या पुडीलाही चामडेच लागते. दक्षिणेतील मृदंग घडविणाऱ्यांच्या जीवनावर टी. एम. कृष्ण यांचे पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रीय संगीताच्या अनेक रसिकांना या नात्याचा प्रथमच विचार करावा लागला. मोटेतून उपसलेल्या पाण्यावर पिकलेले धान्य सर्वांच्या ताटात जात होते. ज्या गावाला चामड्यातून आलेले पाणी चालत होते, त्या गावाला मेलेले ढोर ओढणाऱ्याची किंवा कातडे कमावणाऱ्याची ओंजळ पाणवठ्याला लागलेली चालत नव्हती. म्हणजे विटाळ वस्तूत नव्हता. वस्तू शुद्ध मानून घरात घेतली गेली आणि तिच्या निर्मितीची सारी अशुद्धता माणसाच्या माथी ठेवली गेली.

हौशी कारागिराच्या टेबलावर जे कातडे येते ते या दृष्टीने न्याहाळण्यासारखे आहे. ते स्वच्छ, सपाट आणि सुवासिक असते. परंतु त्यापूर्वी कुणीतरी मेलेले जनावर ओढून नेलेले असते, सुरीने सोललेले असते, चामडे कुजू नये म्हणून मीठ लावलेले असते. कुणीतरी ते चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सोडविलेले असतात, आतल्या बाजूचा मांसाचा थर खरवडून काढलेला असतो. जुन्या पद्धतीत मग त्या चामड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचा अर्क भरून ती टांगून ठेवीत. अर्क झिरपत राही आणि चामडे हळूहळू कातडे होई. या सर्व काळात हात चुन्याने भाजतात, कपड्यांना आणि घरांना दर्प चिकटतो. छंद जेथे सुरू होतो तेथे वास संपलेला असतो. हौशी माणूस ज्याला संपूर्ण कला समजतो तो एका दीर्घ साखळीचा शेवटचा आणि सर्वांत सुखद दुवा असतो.

हा दुवा उलट दिशेने ओलांडण्याचे काही प्रयत्न आपल्याकडे झाले. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये स्थापन झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधींनी चपला बनविण्याचे काम शिकून घेतले. हर्मन कॅलनबाख यांनी ते मेरियनहिल येथील ट्रॅपिस्ट मठात आत्मसात केले होते आणि त्यांच्याकडून ते गांधींकडे आले. तुरुंगात असताना गांधींनी आपल्या हातची एक जोडी जनरल स्मट्स यांच्यासाठी केली. ती स्मट्स यांनी १९३९ मध्ये गांधींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने परत पाठविली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन त्याहून पुढे गेले. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने मेलेली जनावरे स्वतःच्या हाताने सोलली आणि कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात चर्मोद्योग उभा केला. बंगालमध्ये रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी ठाकूर यांनी श्रीनिकेतनच्या शिल्पशिक्षणात चर्मकलेला स्थान दिले. उठावाच्या नक्षीने आणि रंगांनी सजलेल्या तेथील पिशव्या सुशिक्षित घरांत मानाने मिरवू लागल्या. या तिन्ही प्रयत्नांनी एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली. कातड्याला हात लावल्याने माणूस हीन होत नाही.

पण त्यांनी दुसरी एक गोष्ट सिद्ध केली नाही, आणि ती अधिक महत्त्वाची होती. बॅरिस्टराने चप्पल शिवली म्हणून चांभाराच्या मुलाला बॅरिस्टर होण्याचा मार्ग मोकळा झाला नाही. १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेच्या समर्थनार्थ पुढे केल्या जाणाऱ्या श्रमविभागणीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला. ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही आवडीनुसार वा पात्रतेनुसार न होता जन्मानुसार होते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. गांधींनी ‘हरिजन’मधून त्यांना उत्तर देताना वडिलोपार्जित व्यवसायाने उपजीविका करण्याच्या वर्णधर्माचा पुरस्कार केला आणि सर्व व्यवसाय समान प्रतिष्ठेचे मानावेत असे प्रतिपादन केले. आंबेडकरांच्या प्रत्युत्तरात एक साधे निरीक्षण होते: स्वतः गांधींनी आपल्या पूर्वजांचा व्यवसाय केलेला नाही. टॉलस्टॉय फार्मवरच्या त्या चपलांचे नैतिक मोल नेमके येथेच होते. ती चप्पल शिवणाऱ्याला दुसरे काहीही करता आले असते. ज्या स्वातंत्र्याने त्या श्रमाला तेज चढले होते तेच स्वातंत्र्य वर्णधर्माचा सिद्धान्त चांभाराला नाकारीत होता.

म्हणून या देशात चामड्याच्या कामाच्या इतिहासातील काही अत्यंत नैतिक कृत्ये ते काम नाकारण्याची आहेत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा आणि मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ज्याची त्याने लावावी असा आग्रह धरला गेला. त्यावर व्यवहारवादी आक्षेप निघाले. मेलेल्या जनावराच्या कातड्याचे, शिंगांचे, हाडांचे पैसे होतात. ते सोडून देण्यात शहाणपण ते काय, असा हिशेब एका लेखकाने मांडला होता. धर्मांतरानंतर दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात केलेल्या भाषणात आंबेडकरांनी त्या हिशेबाची आठवण सांगितली, आणि इतका लाभ असेल तर हिशेब मांडणाऱ्यांनीच ते काम पत्करावे असे त्याला दिलेले आव्हानही सांगितले. ज्या लाभाचे गणित मांडणारा स्वतः त्या लाभाकडे फिरकत नाही, तो लाभ कोणत्या जातीचा आहे हे सांगण्याची गरज उरत नाही. हा इतिहास दूरचा नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली आणि उना शहरात आणून त्यांना सर्वांदेखत पुन्हा झोडपण्यात आले. त्यानंतर गुजरातमधील अनेक दलितांनी ते काम करण्यास नकार दिला. सुरेंद्रनगरमध्ये मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकण्यात आली. शतकानुशतके ज्यांच्यावर ते काम लादले त्यांनाच ते केल्याबद्दल शिक्षा होत होती. काम करणे आणि न करणे या दोन्हींचा निर्णय अजूनही दुसऱ्याच्या हाती होता.

मग हौशी चर्मकार हा ढोंगी ठरतो काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कुणी आवडीने आरी हाती घेतली म्हणून कुणाच्या पाठीवर वळ उठत नाही. उलट, हे काम कुणाच्याही हातचे असू शकते हे तो नकळत दाखवून देत असतो. खरा धोका निराळा आहे. अपमानाच्या इतिहासाकडे पाहताना कधी कधी असे वाटू लागते की त्या कामात अपमानावाचून दुसरे काही नव्हतेच. तेही सत्य नाही. कोणती साल किती दिवस, पाठीचे कातडे कशाला आणि पोटाकडचे कशाला, रापी कोणत्या कोनात धरली म्हणजे थर फाटत नाही, हे सारे पुस्तकांत येण्यापूर्वी हातांना ठाऊक होते. काशीच्या रोहिदासांनी आपली जात आणि आपला व्यवसाय आपल्या पदांतून लपविला नाही. त्यांच्या वाणीत त्या कामाची लाज नाही, माणसामाणसांत भेद करणाऱ्यांना मात्र खडा सवाल आहे. लादले जाणे हा अन्याय आणि अवगत असणे ही विद्या, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. अन्याय नाकारताना विद्येचे श्रेय त्याच्याकडून काढून घेण्याचे कारण नाही.

श्रेयाचा हा प्रश्न नुसता भावनेचा नाही, याचे प्रत्यंतर कोल्हापुरी चपलेने दिले. खिळा न वापरता चामड्याच्या वादीने शिवलेल्या या पायताणाला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि तो महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या नावे मिळाला. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडाने सादर केलेल्या पादत्राणांत हाच घाट दिसला, पण त्याच्या उगमाचा उल्लेख नव्हता. आक्षेप घेतले गेल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करण्यात आले. या प्रसंगी देशात जो संताप व्यक्त झाला तो योग्यच होता. परंतु मिलानने जे एका हंगामात केले ते आपल्या गावांनी किती शतके केले, हा प्रश्न त्या संतापात फारसा ऐकू आला नाही. पायातली वस्तू आपली म्हणून मिरवायची आणि ती करणाऱ्याचे नावही विचारायचे नाही, ही रीत परदेशातून आलेली नाही.

यातून छंद म्हणून चर्मकला जोपासणाऱ्याचे कर्तव्य बऱ्याच अंशी स्पष्ट होते. आपले ते ‘कला’ आणि कोपऱ्यावर बसून जोडे सांधणाऱ्याचे ते ‘धंदा’, ही विभागणी त्याने मनातून काढून टाकावी. रापी, आरी, वादी ही नावे त्याच्या तोंडी असावीत, कारण ज्या हत्याराला आपल्या भाषेत नाव आहे त्याला इतिहासही आहे. आपल्या फावल्या वेळेतील वस्तूची किंमत तो हौसेपोटी कमी लावू शकतो. परंतु त्या किमतीशी पोटासाठी शिवणाऱ्याची तुलना करून घासाघीस करण्याचा अधिकार त्याला येत नाही. आणि चर्मकाराच्या मुलीने हे काम सोडून संगणक, वैद्यक किंवा काव्य पत्करले, तर ‘परंपरा नष्ट होते आहे’ म्हणून त्याने हळहळू नये. परंपरा टिकवायची असेल तर ती टिकवण्याचे ओझे सर्वांनी वाटून घ्यावे. ज्यांना ती सोडण्याची मोकळीक आताच कुठे मिळते आहे त्यांच्यावरच ते पुन्हा लादू नये. जे काम सोडता येते तेच प्रेमाने करता येते. ते सोडण्याची शक्यता ज्यांनी झगडून मिळविली, त्यांनी हे काम कधीकाळी पुन्हा आपखुषीने हाती घेतले तर ते पूर्वीचे काम राहणार नाही.

कातड्याच्या कडेला दोन प्रकारे पूर्ण करता येते. एका पद्धतीत तिच्यावर जाड रंगाचे थर चढवितात. आतले सांधे झाकले जातात, वस्तू लगेच देखणी दिसते आणि काही वर्षांनी तो रंग तडकून सुटू लागतो. दुसऱ्या पद्धतीत कड नुसती घोटतात. तिला वेळ लागतो, आणि कितीही घोटली तरी बारकाईने पाहणाऱ्याला थर ओळखता येतात: हे वरचे कातडे, हे अस्तराचे, येथे ते जोडले. पुष्कळ जुने कारागीर दुसरी पद्धत पसंत करतात, कारण घोटलेली कड वापराने खराब झाली तरी पाण्याचा हात लावून ती पुन्हा घोटता येते. कातड्याच्या कामात इतरत्र झालेली चूक दुरुस्त होत नाही. कडेची मात्र थोडीफार होते, फक्त तिच्यातील थर कधी रंगाखाली झाकलेले नसावे लागतात.